सहाचं इंजेक्शन, पावणेनऊची नोंद

परिषदेला आलेली अ‍ॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे निबंधांचे गोषवारे, तपासायचं काम मला कधी नकोसं वाटलं नाही. कॉलेजचे तास संपवून घरी यायचं, कुकर लावायचा, ओट्याशेजारच्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा आणि शिट्ट्या मोजत गुण देत जायचं. दोन वर्षांपूर्वी एका राज्यस्तरीय परिषदेच्या शास्त्रीय समितीत मी होते. विषय होता परिचर्या आणि आरोग्य माहितीतंत्रज्ञान. माझ्या वाट्याला आलेल्या गठ्ठ्यात निम्म्याहून अधिक मथळे एकाच साच्यातले होते: अमुक विषयावरील नियोजित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता तपासण्यासाठी केलेला अभ्यास. नर्सिंगमध्ये एम.एस्सी. केलेल्या कुणालाही झोपेतून उठवलं तरी हे वाक्य म्हणता येईल. आधी एक प्रश्नपत्रिका, मग तासाभराचं व्याख्यान, आठवड्याने पुन्हा तीच प्रश्नपत्रिका. गुण वाढतात. वाढणारच की. या वेळी विषय माहितीतंत्रज्ञानाचा म्हणून व्याख्यानाच्या जागी मोबाइल अ‍ॅप होतं, एवढाच फरक.

त्यात एक वेगळं निघालं. लेखिकेचं नाव-गाव झाकलेलं होतं, पण मोडक्या इंग्रजीवरून कळत होतं की हे कॉलेजातून आलेलं नाही, वॉर्डातून आलंय. म्हणणं असं होतं. मेडिसिन वॉर्डात संध्याकाळी सहाची इंजेक्शनं सहालाच सुरू होतात. वॉर्डात कॉम्प्युटर एक. त्याच्यावर आधी इंटर्न रक्ताच्या तपासण्या टाकतो, मग डिस्चार्ज कार्डं होतात, मग औषधांचा इंडेंट, म्हणजे मागणी, जातो. सिस्टरचा नंबर लागतो पावणेनऊला, नाइटच्या सिस्टरला ओव्हर द्यायच्या, म्हणजे पाळीचा ताबा सोपवायच्या तोंडावर. तेव्हा ती एका दमात सगळ्या खाटांची बटणं दाबते आणि सॉफ्टवेअर प्रत्येक इंजेक्शनापुढे बटण दाबल्याची वेळ छापतं. सहाचं इंजेक्शन कागदोपत्री पावणेनऊचं होतं.

इथवर कुणालाही अंदाज येईल. पुढचं तिने लिहिलं होतं ते वॉर्डात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. दर सहा तासांनी द्यायचं औषध नाइटची सिस्टर बारा वाजता देते, तर स्क्रीनवर लाल खिडकी उघडते: मात्रा वेळेआधी दिली जात आहे, कारण लिहा. सॉफ्टवेअरच्या हिशेबाने पावणेनऊ अधिक सहा म्हणजे पावणेतीन. कारण लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग काय लिहायचं? सगळ्या जणी टिंब देतात. नुसतं टिंब. कारणाच्या त्या रकान्यात टिंबांच्या रांगा लागल्यात. बाईंनी दोन आठवडे टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टच्या कोऱ्या पाठीवर दोन रकाने आखून खरी वेळ आणि कॉम्प्युटरची वेळ अशी नोंद ठेवली होती. शेवटी एक ओळ: ऑडिटमध्ये आमचा वॉर्ड औषधं उशिरा देणारा म्हणून लागतो.

मी संशोधनपद्धतीला पाचपैकी एक दिला. नैतिक मान्यतेचं पत्र जोडलेलं नव्हतं, तिथे शून्य. भाषेला दोन. शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं, गृहीतक नाही, नमुना निवडीचा तर्क नाही, संख्याशास्त्रीय चाचणी नाही. अ‍ॅबस्ट्रॅक्ट नाकारलं गेलं. नियोजित अध्यापनवाले बहुतेक सगळे पास झाले.

नियमाने मी चुकले नव्हते, आणि खटकतं तेच. परिचर्येच्या माहितीतंत्रज्ञानावर परिषद भरवायची, आणि माहिती भरणाऱ्या बाईने ती माहिती नेमकी कुठे खोटी पडते हे सांगितलं तर ते शास्त्रात बसत नाही म्हणून परत पाठवायचं, या रिवाजाबद्दल मला बोलायचं आहे. माझं मत असं की आपल्याकडच्या परिषदांना निबंधांचा तुटवडा नाही. निबंध पाठवायचा जो दरवाजा आपण ठेवलाय तो वॉर्डातल्या माणसाच्या मापाचा नाही. तो बदलला पाहिजे, आणि तो बदलल्याने दर्जा घसरणार नाही, वाढेल.

वेळेच्या नोंदीत एवढं काय, असं वाटेल. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या सारा रोसेटी या मुळात परिचारिका. त्यांच्या गटाने ‘कन्सर्न’ नावाची एक प्रणाली बांधली आणि २०२५ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये तिच्या चाचणीचे निकाल छापून आले. रोग्याची तब्येत बिघडणार आहे हे ही प्रणाली आधी ओळखते. कशावरून? केवळ बीपी-नाडीच्या आकड्यांवरून नव्हे. सिस्टर नोंद कधी करते, किती वेळा करते, यावरून. ठरलेल्यापेक्षा जास्त वेळा बीपी बघितला, रात्री मध्येच एक नोंद टाकली, ठरलेलं औषध दिलं नाही, शेरा लिहिला. म्हणजे सिस्टरला काहीतरी खटकलंय. दोन रुग्णालयसमूहांतले ७४ विभाग आणि ६०,००० हून अधिक रुग्ण या चाचणीत होते. जिथे ही प्रणाली वापरली तिथे मृत्यूचा धोका ३५.६ टक्क्यांनी कमी दिसला, आणि मुक्कामही सरासरी अर्ध्या दिवसाहून जास्त घटला. पेशंट ‘बरा वाटत नाही’ हे सिस्टरला आधी कळतं असं आपल्याकडे आया-मावश्याही सांगतात. तिथे ते नोंदींच्या वेळांमधून मोजून दाखवलं गेलं.

आता हीच प्रणाली त्या मेडिसिन वॉर्डात आणून बसवा. तिला काय दिसेल? रोज रात्री पावणेनऊला सगळ्या खाटांवर एकदम नोंदींचा पाऊस, आणि मध्यरात्री टिंबं. यंत्र शिकेल ते कॉम्प्युटरसमोरची रांग. रोग्याबद्दल त्याला काहीच कळणार नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषणं हल्ली प्रत्येक परिषदेच्या उद्घाटनाला होतात; जो माल त्या बुद्धीला आपण खाऊ घालणार आहोत तो असा आहे, हे त्या बाई टीपीआर चार्टच्या पाठीवर लिहून सांगत होत्या. माझ्या गठ्ठ्यातलं माहितीतंत्रज्ञानावरचं खरंखुरं अ‍ॅबस्ट्रॅक्ट ते एकच होतं असं आता म्हणावंसं वाटतं. तेव्हा कुकरची चौथी शिट्टी झाली होती आणि मला गठ्ठा संपवायचा होता.

बरं, अशी निरीक्षणं शास्त्रात बसतच नाहीत का? बसतात. रॉस कोपेल हे समाजशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पाच रुग्णालयांत औषधांसाठीची बारकोड पद्धत प्रत्यक्षात कशी वापरली जाते ते जाऊन बघितलं. २००८ साली त्यांचा लेख आला. परिचारिका काढतात त्या पळवाटांचे १५ प्रकार त्यात नोंदवले आहेत आणि त्यांमागची ३१ कारणं. पेशंटच्या मनगटावरची पट्टी भिजलेली, चावलेली, नाहीतर नाहीच. स्कॅनरची बॅटरी संपलेली. औषधाच्या पुडीवरचा बारकोड चुरगळलेला. म्हणून पट्टीची जादा प्रत काढून दुसरीकडेच चिकटवून ठेवायची आणि तीच स्कॅन करायची. हे वाचताना आपल्याकडची कुठलीही परिसेविका हसेल, कारण तिच्या वॉर्डात याचे भाऊबंद रोज घडतात. फरक एवढाच की तिथे कुणीतरी दखल घेऊन ते मोजलं, आणि आज आरोग्य माहितीतंत्रज्ञानातला तो नेहमी दाखवला जाणारा लेख आहे. पळवाट म्हणजे शिस्तभंग असं आपण समजतो. त्यांनी ती यंत्राच्या दोषाची खूण मानली.

परिषदांमधून खरं काम होतं, हेही सांगायला हवं. मी परिषदांच्या विरोधात नाही. दर १२ मेला, परिचारिका दिनी, आम्ही मेणबत्त्या लावून शपथ घेतो, पण फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचे तक्ते कुणी भिंतीवर लावत नाही. १८६० साली लंडनला आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषद भरली, तिच्यापुढे त्यांची योजना मांडली गेली. प्रत्येक रुग्णालयाने रोगी, रोग, मृत्यू, मुक्काम यांची नोंद एकाच नमुन्यात ठेवावी, म्हणजे तुलना करता येईल, अशी ती योजना. त्या स्वतः परिषदेला गेल्या नाहीत, कागद गेला. पुढे काही रुग्णालयांनी ते तक्ते वापरून बघितले आणि किचकट व खर्चाचे म्हणून सोडूनही दिले. हे शेवटचं वाक्य आमच्या विद्यार्थिनींना फार आवडतं.

१९८५ साली अमेरिकेत मिलवॉकीला हॅरिएट वर्ली यांच्या पुढाकाराने एक परिषद झाली, तिच्यातून परिचर्येचा किमान माहितीसंच ठरला. एकूण १६ बाबी, त्यातल्या चार निव्वळ परिचर्येच्या: परिचर्येचं निदान, केलेली शुश्रूषा, तिचा परिणाम आणि शुश्रूषेची तीव्रता. १९८९ पासून आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषद या संघटनेने परिचर्येच्या शब्दांचं वर्गीकरण करायचं काम हाती घेतलं. ज्या कामाला नोंदीत नाव नाही त्या कामाला अर्थसंकल्पात पैसा मिळत नाही, हे त्यामागचं साधं गणित.

आपल्याकडे ते गणित अजून जमलेलं नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. कागदपत्रांची देवाणघेवाण कुठल्या नमुन्यात करायची ते पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतल्या राष्ट्रीय केंद्राने बसवून दिलं. त्या नमुन्यांत डॉक्टरची चिठ्ठी आहे, तपासणीचा अहवाल आहे, बाह्यरुग्ण तपासणी, डिस्चार्ज, लसीकरण, सगळं आहे. परिचर्येची नोंद असा स्वतंत्र प्रकार नाही. चोवीस तासांतल्या ज्या नोंदी रोग्याच्या सर्वांत जवळून होतात त्या त्याच्या कायमच्या कागदपत्रात स्वतःच्या नावाने जात नाहीत. यावर आपल्या किती परिषदांत निबंध वाचला गेला? मी तरी ऐकलेला नाही.

परिचारिकांच्या माहितीतंत्रज्ञानाची जागतिक परिषद १९८२ साली लंडनला सुरू झाली. मग कॅल्गरी, डब्लिन, मेलबर्न, पुढे सोल, तैपेई, ग्वादालाहारा, आणि २०२४ ला मँचेस्टर. २०२४ पर्यंत एकदाही भारतात नाही. या जागतिक परिषदेला निबंध पाठवायचा तर चार-पाच पानांचा, इंग्रजीत, ठरलेल्या साच्यात. नावं झाकून परीक्षण होतं. स्वीकारलाच तर एका तरी लेखकाने नोंदणी करायची, तिचं शुल्क पौंडांत नाहीतर डॉलरांत, वर तिकीट आणि व्हिसा. निवडलेले निबंध पुस्तकरूपाने निघतात आणि पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीत कायमचे राहतात. तिथे मराठी चालणार नाही, चालावी असा माझा हट्टही नाही. जिल्हा रुग्णालयातल्या अधिपरिचारिकेने थेट मँचेस्टर गाठावं असं मी म्हणत नाही. पण नाशिक, सांगली, नांदेडला होणाऱ्या परिषदेनेही मँचेस्टरचाच साचा लावावा, आणि त्यातही फक्त बाह्यांग उचलावं, हे कशासाठी?

खरं कारण सगळ्यांना माहीत आहे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडची (नर्सिंग कौन्सिलकडची) नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करायची असते आणि तिला क्रेडिट पॉइंट लागतात. शिकवणाऱ्यांना बढतीसाठी निबंध लागतात. म्हणून परिषदा भरतात, प्रमाणपत्रं छापली जातात, लॅमिनेट होतात. दोन दिवस, जेवण, पिशवी, पेन. एका सत्रात बाराजणींनी पाच-पाच मिनिटांत स्लाइड वाचून दाखवायच्या, प्रश्नांना वेळ नाही. या बाजाराचं टोक हैदराबादच्या ओमिक्स कंपनीच्या खटल्यात दिसलं. न विचारताच नामवंत संशोधकांची नावं लावून परिषदांची जाहिरात करणं, परीक्षणाचं नुसतं नाव असणं, अशा फसवणुकीबद्दल २०१९ साली अमेरिकेतल्या न्यायालयाने तिला ५ कोटी डॉलरहून जास्त भरपाईचा आदेश दिला. आपल्या राज्यस्तरीय परिषदा तशा फसव्या नाहीत. पण ‘डिअर एस्टीम्ड डॉक्टर’ म्हणत येणारी निमंत्रणं आमच्या शिक्षिकांच्या इनबॉक्समध्ये रोज पडतात आणि काहीजणी पदरचे पैसे भरून फसतात, कारण खरी परिषद आणि खोटी परिषद यांतला फरक आम्ही त्यांना कधी वागून दाखवलेला नसतो.

नैतिक मान्यतेचं घेऊ. मी शून्य दिला तो याच रकान्यात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना मी नंतर पुन्हा काढून वाचल्या. ज्यात धोका नाही आणि रोग्याची ओळख पटेल असं काही नाही अशा कामांना परीक्षणातून सूट देता येते, आणि सूट देण्याच्या उदाहरणांत संस्थेतली गुणवत्ता तपासणी स्पष्ट लिहिलेली आहे. औषध दिल्याची खरी वेळ आणि छापलेली वेळ यांची तुलना, पेशंटचं नाव न लिहिता, ही गुणवत्ता तपासणी नाही तर काय आहे? अर्थात सूट आहे की नाही हे समितीने ठरवायचं असतं, बाईंनी स्वतःचं स्वतः नाही. म्हणजे अर्ज करावा लागणारच. समिती मेडिकल कॉलेजात, अर्जाच्या प्रती पाच-सात, प्रमुख संशोधकाचा बायोडाटा, विभागप्रमुखाची सही. आणि समितीवर कोण? याच सूचनांनुसार वैद्यकशास्त्रज्ञ हवेत, कायद्याचा जाणकार हवा, समाजशास्त्रज्ञ हवा, एक सामान्य नागरिकही हवा. परिचारिका असलीच पाहिजे असं कुठे नाही. मग तिच्या कामाचं स्वरूप समितीला कोण सांगणार?

मी हा अडथळा काढून टाका म्हणत नाही. रोग्याच्या माहितीशी खेळ नको, याबाबत मी कडक आहे. वॉर्डातल्या चार्टचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणाऱ्यांना मी स्वतः झापलंय. पण परिषदेच्या आयोजकांनी, जे बहुधा कुठल्यातरी कॉलेजचेच असतात, आपल्या समितीकडून सूट मिळवून द्यायची जबाबदारी घ्यावी. निबंध आला, रोग्याची ओळख त्यात नाही, तर पत्र आणायला लेखिकेला न पाठवता आयोजकांनीच प्रकरण समितीपुढे ठेवावं. एका बैठकीत दहा प्रकरणं निकालात निघतील.

नावांचाही प्रश्न आहे, आणि त्याबद्दल फार दबक्या आवाजात बोललं जातं. वॉर्डातली माहिती सिस्टर गोळा करते, प्रश्नावल्या ती भरून घेते, आणि निबंधावर नावं येतात विभागप्रमुखांचं, मार्गदर्शकांचं, कधी आकडेमोड करून देणाऱ्याचं. सिस्टर शेवटी आभारांत. तिथेही ‘वॉर्डातील सर्व कर्मचारी’ अशी सामूहिक. लेखक कुणाला म्हणावं याचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत: कामात खरा वाटा, लिहिण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला संमती, आणि उत्तरदायित्व. लिहिण्यात सहभाग ही अट पुढे करून तिला बाजूला ठेवलं जातं, कारण लिहायचं इंग्रजीत असतं. पण तिला मसुदा दाखवलाच नाही तर ती सहभागी कशी होणार? माझ्या स्वतःच्या दोन जुन्या निबंधांवर अशी नावं यायला हवी होती. आली नाहीत. तेव्हा सुचलंही नाही.

म्हणून राज्य पातळीवर मराठीत निबंध घ्या असं मी म्हणते तेव्हा तो भाषाभिमानाचा मुद्दा नसतो. उपकेंद्रातली आरोग्य सेविका रजिस्टर मराठीत लिहिते, आशाताई मराठीत विचारते, ओव्हर मराठीत दिली जाते. ‘सात नंबरची सलाइन आत जाईना, सूज बघा’ ही माहिती आहे. ती इंग्रजीत आणताना पहिली गळती तिथेच होते. इंग्रजी भाषांतर लागलं तर ते निवड झाल्यावर करा, परिषदेच्या खर्चाने करा, आणि पहिलं नाव तिचं ठेवा.

अशा माणसांचं म्हणणं ऐकायची जागा नसली की काय होतं ते २०२१ च्या ऑगस्टमध्ये आपण पाहिलं. राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत नेऊन दिले. त्या परिचारिका नव्हेत, पण काम तेच: बाळाचं वजन घ्यायचं, उंची मोजायची, पोषणाची नोंद करायची. फोन दोन जीबी रॅमचे, गरम होणारे, मधेच बंद पडणारे. वर पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप इंग्रजीत. त्यांनी घोषणांतून जे सांगितलं त्याला विद्यापीठाच्या भाषेत वापरयोग्यतेचं मूल्यमापन म्हणतात. त्यावर शोधनिबंध होतात, पीएच.डी. मिळते. त्यांना मिळाल्या त्या नोटिसा आणि टीव्हीवरची दोन मिनिटं. मला कायम वाटतं की त्याच्या वर्षभर आधी दहा सेविकांना एखाद्या परिषदेच्या मंचावर बसवून, अ‍ॅप करणाऱ्यांना समोरच्या खुर्च्यांत बसवलं असतं, तर रस्त्यावर यायची वेळ आली असती का? आलीही असती म्हणा. पण निदान अज्ञानाचं कारण कुणाला देता आलं नसतं.

माझ्या सहकारी मैत्रिणीचा आक्षेप असा की मग परिषद तक्रारपेटी होईल. प्रत्येकजण उठून आपल्या वॉर्डाचं रडगाणं गाईल. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. तक्रार आणि निरीक्षण यांत फरक आहे, आणि तो धरला पाहिजे. ‘कॉम्प्युटर कमी आहेत’ ही तक्रार. ‘कॉम्प्युटर एक असल्यामुळे सहाची मात्रा पावणेनऊला नोंदली जाते, म्हणून पुढची मात्रा चुकीची लाल दिसते, म्हणून कारणाच्या रकान्यात टिंबं भरतात, म्हणून खरोखर लवकर दिलेली मात्रा त्या टिंबांत सापडत नाही’ हे निरीक्षण. परीक्षकाने हा फरक ओळखायला शिकायचं. पी-व्हॅल्यू, म्हणजे संख्याशास्त्रीय चाचणीतून निघणारा आकडा, असली म्हणजे निरीक्षण होतं असं नाही. नियोजित अध्यापनवाल्यांकडे पी-व्हॅल्यू होती.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो मला जास्त जड वाटतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाने शिकाऊ रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका हवी. प्रत्यक्षात रात्रपाळीला पूर्ण वॉर्ड दोघींवर असतो. तिला निबंध लिही म्हणणं म्हणजे क्रूर विनोदच. म्हणून मी पानं मागत नाही. एक पान पुरे. काय घडतं, तुम्हाला ते कसं कळलं, त्याने काय बिघडतं. हाताने लिहून फोटो काढून पाठवला तरी चालेल. त्याचा निबंध करायला कॉलेजची एक शिक्षिका आणि एक विद्यार्थिनी तिच्यासोबत बसेल. विद्यार्थिनींना तरी आम्ही काय करायला लावतो? नव्या अभ्यासक्रमात बी.एस्सी.च्या दुसऱ्या सत्राला आरोग्य व परिचर्या माहितीतंत्रज्ञान हा विषयच आहे, ४० तास वर्गात आणि ४० तास प्रयोगशाळेत. प्रयोगशाळेत मुली बहुतेक वेळ स्लाइडला रंग देतात. ते ४० तास वॉर्डातल्या कॉम्प्युटरशेजारी उभं राहून काढले तर दर वर्षी एकेका कॉलेजातून किती पानं निघतील!

आणि परिषदेच्या दोन दिवसांची तिला ऑन ड्युटी मिळाली पाहिजे, रजा खर्चून नव्हे. डॉक्टरांना मिळते.

गेल्या महिन्यात पुढच्या परिषदेची तयारी सुरू झाली. बैठकीत मी तीन मुद्दे ठेवले. ‘वॉर्डातून’ नावाचा एक पानी विभाग मंजूर झाला, पण क्रेडिट पॉइंट निम्मे. नैतिक समितीकडून सूट आयोजकांनी मिळवायची, यावर अध्यक्ष म्हणाले बघू. मराठीचा मुद्दा पुढच्या बैठकीवर ढकलला, ती दिवाळीनंतर.

त्या अधिपरिचारिकेचा नंबर मला मिळाला होता, कारण नकाराचं पत्र आल्यावर तिनेच परिषदेच्या कार्यालयात फोन करून विचारलं होतं, नेमकं काय चुकलं ते सांगाल का. मी तिला बैठकीनंतर फोन लावला. परीक्षक मीच होते, तेही सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, असू द्या मॅडम, मलाही तेव्हा गृहीतक म्हणजे काय ते कुठे माहीत होतं. पुन्हा पाठवा म्हटलं, या वेळी मराठीत लिहा, बाकीचं मी बघते. तर म्हणाली, ते कागद मेडिसिनच्या कपाटात राहिले, आता माझी बदली कॅज्युअल्टीला झालीय. तिकडे काय परिस्थिती, विचारलं.

“इथं कॉम्प्युटर तीन आहेत, मॅडम,” ती म्हणाली, “लॉगिन एकच चालतं. सगळ्यांच्या नोंदी इनचार्ज सिस्टरांच्या नावानं पडतात. परवा त्या रजेवर होत्या, तरी त्यांनी अकरा इंजेक्शनं दिली.”